सिस्टरांनी निवडलेला पाईप

"थांबा, मला हात लावून बघू द्या," असं म्हणत सिस्टर कुठलीही वस्तू आधी अंगठ्याने दाबून बघत. मग ते कलिंगड असो, नाहीतर कुणाचा सुजलेला पाय. माझ्या दुकानातला लोखंडी पाईपही त्यांनी नाडी बघावी तसा धरला.

नगरला माझं पाईपांचं दुकान आहे. सिस्टर आमच्याच गल्लीत एकट्या राहत. सगळी नोकरी त्यांनी नेवाशाकडच्या खेड्यांत सायकलवर फिरून, पोरांना लसी टोचत काढली. निवृत्तीनंतर मणक्याचं ऑपरेशन झालं आणि सायकल सुटली. पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, आता माझ्याकडे येऊन निवांत बस."

"बसायचंच हाय ना? मग चाकांवर बसते," सिस्टर म्हणाल्या. मोबाईलवर त्यांनी मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल पाहिली होती. पाठ टेकलेली असली तर चालेल, असं डॉक्टरांकडून वदवूनही घेतलं होतं. तशीच सायकल आता इथेच बनवून घ्यायची होती.

मी फर्निचरचा पातळ पाईप दिला. त्यांनी तो दोन विटांवर आडवा ठेवला, माझा खांदा धरला आणि सरळ त्यावर उभ्या राहिल्या.

"अहो, पाठ सांभाळा!"

"तुमी हलू नका म्हंजे झालं."

पाईप हळूच वाकला. "ह्याचा मणका माझ्यापरीस कच्चा हाय," त्या म्हणाल्या.

पाण्याचा जाड पाईप दिला, तर म्हणाल्या, "ह्याला वढायला बैल लागंल." शेवटी मधल्या जाडीचा चौकोनी पाईप ठेवला. त्या वर उभ्या राहिल्या, तरी तो जराही वाकला नाही. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

वेल्डिंगवाल्याने दोन जुन्या सायकली कापून त्या पाईपावर चढवल्या. पहिल्याच दिवशी सिस्टर भाजीच्या हातगाडीला धडकल्या आणि मेथीच्या जुड्यांत बसून पोट धरून हसल्या. पुढे सावेडीच्या रस्त्यावर तुमच्यापैकीही कुणी त्यांना पाहिलं असेल; आरामखुर्चीत पडल्यासारख्या, पदर खोचून निघालेल्या.

मुलगा पुण्याहून आला तो चिडूनच. "आई, लोक काय म्हणतील?"

"काय म्हनत्यात? 'सिस्टर आल्या' म्हनत्यात."

गेल्या हिवाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर मुलगा ती सायकल ढकलत दुकानात आला. भंगारात घालायला आणली असेल, असं मला वाटलं. तो सीटवर रेलला, तर गुडघे हँडलला अडले.

"काका, असलाच पाईप आहे का अजून?" त्याने विचारलं. "मी आईपेक्षा उंच आहे. पुढून जरा वाढवून घेतो."

पाईप समोरच होता. तरी तो शोधायला म्हणून मी आत गेलो.