साळुबाईची साक्ष

मला लिहायची सवय नाही. साळुबाईच्या दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं चालू असताना कुणीतरी माईक माझ्यापुढे धरला, मी मान हलवली आणि माईक पुढे गेला. घरी आल्यावर माझी बायको कुशाबाई म्हणाली, बोलवत नाही तर लिहा तरी. म्हणून हे.

साळुबाई माझी पहिली बायको. एक भातकापणी माझ्या घरी राहिली आणि माहेरी निघून गेली. मारझोड नव्हती, सासूचा जाच नव्हता. मी तिच्याशी बोलत नव्हतो, एवढंच. बोलावंसं वाटे, पण शब्द जुळेपर्यंत ती भांडी घासून झोपलेली असे. वाडीतल्या चार म्हाताऱ्यांसमोर रिवाजाप्रमाणे काडीमोड झाली. ती काडीही मला मोडेना, शेवटी तिनंच मोडली. पुढे ती पिंपळवंडीला दुसऱ्या घरी नांदायला गेली. मी कुशाबाईशी लग्न केलं. ती दोघांपुरतं बोलते, म्हणून संसार चालला.

सत्त्याण्णव साली मी वनरक्षक म्हणून निवृत्त झालो. जन्म भीमाशंकरच्या जंगलात गेला. झाडं उत्तर मागत नाहीत. पेन्शनच्या वेळी कारकुनानं विचारलं, आधी लग्न झालं होतं का? खोटं बोलायलाही तोंड उघडावं लागतं, म्हणून मी होकारार्थी मान हलवली. त्यानं समजावलं, रिवाजाची काडीमोड चालते, पण ती शाबीत करावी लागते. नाहीतर कायद्यानं बायको साळुबाईच, आणि माझ्यामागे कुशाबाईला पेन्शन नाही. ते चारही म्हातारे वारलेले. साक्षीला उरली फक्त साळुबाई.

पिंपळवंडीला कुशाबाई पुढे झाली, मी कांद्याच्या चाळीआड थांबलो. आत दोघींचा चहा झाला, हसणंही झालं. कुणावर, हे मी विचारलं नाही. मग मला बोलावणं आलं.

साळुबाई म्हणाली, "हिनं समदं सांगितलं. पर मी तुमच्या तोंडून ऐकनार."

मी जमिनीकडे बघत म्हणालो, "मी गेल्यावर हिचे हाल नको व्हायला. काडीमोड झाली, येवढं सांगशील का?"

साळुबाई कुशाबाईला म्हणाली, "बाई, येवढं तवा बोलले असते, तर ह्ये तुज्या वाट्याला आले नसते."

"मग न्हाई बोलले ते बरंच झालं," कुशाबाई म्हणाली.

जुन्नरच्या कचेरीत साहेबांनी काडीमोडीचं कारण विचारलं. साळुबाईनं माझ्याकडे बोट केलं. "सायेब, कारण ह्ये काय हितं उभं हाय. बोलतंय का बगा."

साहेबांनी मला दोन प्रश्न विचारले. मी दोन्हींना मान हलवली. ते हसले आणि त्यांनी जबाब लिहून घेतला.

त्या जबाबावर माझ्यामागची पेन्शन कुशाबाईच्या नावानं लागली. साळुबाईनं स्वतःसाठी काही मागितलं नाही, एसटीचं भाडंसुद्धा घेतलं नाही. माईकवर मला एवढंच सांगायचं होतं.