विहिरीत लागलेलं सोनं

गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात १९७०च्या सुमारास एक हमाल गाठी वाहायचा. तो पारशिवनीकडचा. गावी विहीर खोदताना त्याच्या कुदळीला जुन्या सोन्याच्या मोहरांचा हंडा लागला आणि तो सरकारने नेला, एवढं सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. गाठ उतरवली की तो माठाजवळ उकिडवा बसायचा आणि पेला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून सावकाश पाणी प्यायचा. तेवढ्यात कुणीतरी विचारायचंच, "काय गा, एखादी मोहर तं लपवली असशीन?" तो नुसती मान हलवायचा. चिडण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नसावं.

एका उन्हाळ्यात दुपारी दुकानात आम्ही दोघेच होतो. मी सहज विचारलं, "मग त्या विहिरीचं पुढे काय झालं?"

त्याने पेला खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नसावं.

"सायबांनी खोदणं बंद केलं, भाऊ. संत्र्याची बाग वाळून गेली. मी तं पाण्यासाठी खोदून राहिलो होतो."

पेल्यात घोटभर उरलं होतं. ते पिऊन तो पुढच्या गाठीकडे गेला.