मागच्या दाराचं बाकडं

पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाचे कान जातात, हे त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. आपले गेले, हे मात्र कोणी कबूल करत नाही. ह्यानेही केलं नाही. चाळीस वर्षं त्याने पत्रा ठोकला. पेट्या, नरसाळी, पाण्याची पिंपं, छपराच्या पन्हळी. गल्लीत त्याला सगळे पत्रेवालाच म्हणत, तर आपणही तेच म्हणू. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, भिंतीला पत्रे टेकवलेले, छपरालाही पत्रा, आणि मधे हा हातोडा घेऊन बसलेला. रोज आठ तास तो आवाज सोसायचा म्हटल्यावर कान तरी किती दिवस तग धरणार?

त्याला जगात फार काही हवं होतं असं नाही. दुकान बंद करून घरी यायचं, तोंड धुवायचं, बायकोने केलेला चहा घ्यायचा आणि मागच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर तिच्या शेजारी बसायचं, एवढ्यावर गडी खूश होता. बाकडं त्यानेच केलेलं. दोन लोखंडी पाय आणि त्यावर एक लांब, थोडी पातळ फळी. समोर हातभर अंगण, नळ, कपड्यांची दोरी आणि पलीकडे भिंत. दोघांच्या मधे ताट. ताटात मटाराच्या शेंगा, नाही तर दुसरी कुठली निवडायची भाजी. ती सोलता सोलता बोलायची, हा सोलता सोलता ऐकायचा. दिवे लागायच्या आत ताट संपायचं, पण तिचं बोलणं संपायचं नाही. त्या तासाभरासाठी आपण दिवसभर हातोडा चालवतो, असं तो मनाशी म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

सात वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी त्याने सहज मान वळवली, तर तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. कान एका दिवसात गेले नव्हते. आधी पाखरं गेली, मग नळाचं ठिबकणं गेलं, मग दारावरची थाप. त्या दिवशी तीही गेली. तो काही बोलला नाही. शेंग सोलत राहिला.

का बोलला नाही, म्हणाल तर त्याला कारण होतं. त्याचा बापही पत्रेवालाच. तो बहिरा झाला ते घरात सगळ्यांना कळलं, आणि हळूहळू सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. मुद्दाम कोणी सोडलं नाही. एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगायचा कंटाळा कोणाला येत नाही? आई शेवटची दहा वर्षं त्याच्यापुढे नुसतं ताट सरकवायची आणि बोटाने खूण करायची, जेवा. घर भरलेलं, हसणं-खिदळणं चाललेलं, आणि म्हातारा कोपऱ्यात एखाद्या पेटीसारखा. ते पाहिलेला मुलगा आपल्या बायकोला कसं सांगेल, की मला आता तुझं ऐकू येत नाही?

तेव्हा झाकली मूठ. समोरासमोर कोणी बोललं तर तो ओठांवरून बरोबर ओळखायचा, त्यात तो पटाईत झाला. गिऱ्हाइकांना म्हणायचा, "समोर येऊन बोला, इथे आवाज फार." फोन कायम बायकोकडेच ठेवायचा. तीही त्याला हाक मारायच्या ऐवजी खांद्यावर हात ठेवायची, पण ती सवय तिला हातोड्याच्या आवाजाने कधीचीच लागली होती. अडचण होती ती बाकड्याची. तिथे दोघं शेजारी, दोघांची नजर ताटात, आणि सारखं वळून तिच्या तोंडाकडे बघायचं म्हणजे चोरी पकडली जाणार.

तिथे त्याला फळीने सांभाळलं. ती पातळ होती म्हणून बायको हसली की थरथरायची. फळी थरथरली की हाही हसायचा आणि म्हणायचा, "कमाल आहे!" फळी स्थिर असली की मधून मधून "बरं, बरं" म्हणून मान हलवायची. एवढ्या भांडवलावर त्याने सात वर्षं काढली. नंदीबैलानेही हात टेकावेत. आणि गंमत बघा, शेजारची बाई त्याच्या बायकोला म्हणायची, "तुमचे हे किती ऐकून घेतात हो! आमच्याकडे दुसऱ्या वाक्याला जांभई." यावर ती जराशी मिरवायचीही. तिची तक्रार एकच. नवरा सगळ्याला हो म्हणतो आणि करत काहीच नाही.

त्या वर्षी मटाराचे दिवस आले तेव्हा तिने बाकड्यावर त्याला जे सांगितलं, ते त्याला फार उशिरा कळलं. आपल्याला आत्ताच कळायला हरकत नाही. पोटात दुखतंय, हे तिने सांगितलं. लेकीबरोबर जाऊन तपासण्या करून आले, हे सांगितलं. गाठ आहे, गुरुवारी सकाळी ऑपरेशन, हेही सांगितलं. अवघड गोष्ट तोंडावर बोलता येत नाही, भिंतीकडे बघत बोलता येते, म्हणून तिने बाकडंच निवडलं. तो प्रत्येक वेळी म्हणाला, "बरं, बरं." तिला वाटलं, माणूस आतून घाबरलाय, म्हणून जास्त बोलत नाही.

बुधवारी संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, उद्या तुम्ही बाहेर बसलेले असाल ना? मला फार भीती वाटतेय." आणि तिला रडू फुटलं. ताटाकडे बघत, आवाज दाबून ती रडत होती.

फळी थरथरली.

तो मोठ्याने हसला. "कमाल आहे!" म्हणाला.

ती उठली. अर्ध्या शेंगा ताटात तशाच होत्या. त्याला वाटलं, डोकं दुखत असेल. उरलेल्या त्याने एकट्याने सोलल्या.

गुरुवारी तो रोजच्यासारखा सातला निघाला. एका शाळेच्या छपराची पन्हळ द्यायची होती. बायकोने डबा दिला आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण बोलली काही नाही. दुपारी बाराच्या सुमारास पन्हळीची कड वळवत असताना त्याच्या हातावर सावली पडली. वर पाहिलं तर लेक. ती दोन गल्ल्या सोडून राहायची, पण दुकानात कधी यायची नाही. तिचे डोळे लाल होते.

"बाबा, आत नेताना आई सारखी दाराकडे बघत होती," ती म्हणाली.

"आत? कुठे आत?"

"नाटकं करू नका! ऑपरेशन होतं आज तिचं. महिनाभर सांगतेय ती तुम्हाला. काल रडली तर तुम्ही हसलात! माझी आई रडत होती आणि तुम्ही हसलात, बाबा!"

शेवटचं वाक्य त्याने तिच्या ओठांवरून एकेक शब्द करत वाचलं. हातातला हातोडा खाली ठेवून तो उभा राहिला.

"मला ऐकू येत नाही गं," तो म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"काहीतरीच! आत्ता येतंय ना?"

"तुझं तोंड दिसतंय म्हणून."

तिला ते खरं वाटलं नाही. रागारागाने तिने पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून काहीतरी बोलली. बरंच बोलली असावी, कारण जाणारा एक माणूस थबकून बघायला लागला. मग ती वळली. बाप होता तिथेच उभा होता, दुसऱ्याच्या घरी चुकीच्या वेळी आलेल्या माणसासारखा ओशाळा चेहरा करून, आपली पाळी कधी येते याची वाट बघत. तिने त्याचा हात धरला आणि दुकानाचं दारही न लावता त्याला बाहेर काढलं.

संध्याकाळी बायको शुद्धीवर आली तेव्हा तो खाटेशी, बरोबर तिच्या तोंडासमोर स्टूल ओढून बसला होता. डॉक्टरांनी लेकीला सांगितलं होतं आणि लेकीने त्याला, समोर उभं राहून, हळू हळू. पोट उघडलं आणि तसंच बंद केलं. फार पसरलंय. वर्ष निघालं तर खूप.

पण त्याला आधी स्वतःचं सांगायचं होतं. त्याने सगळं सांगितलं. कान, बाप, फळी. ती ऐकत राहिली. तिचे ओठ कोरडे पडले होते, त्यामुळे वाचायला अवघड जात होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने सात बोटं दाखवली.

तिने छताकडे बघत बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तुमच्या बहिणीला मी इतकी नावं ठेवली, ती सगळी फुकट गेली?"

त्याला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात तिचा चेहरा बदलला.

"सात वर्षं मी भिंतीशी बोलत होते?"

"भिंत नव्हतो गं. तू हसलीस की मला कळायचं."

"आणि रडले की?"

आयुष्यात त्याला कधी कशाची एवढी लाज वाटली नव्हती. त्याने मान खाली घातली, आणि मान खाली घातली की तिचं बोलणं दिसत नाही, हे लक्षात येऊन लगेच वर केली. तिने ते पाहिलं. तिने हात लांब करून त्याची हनुवटी धरली, लहान मुलाची धरतात तशी, आणि म्हणाली, "वेडे आहात तुम्ही. सांगितलं असतंत तर समोर बसले असते. एवढंच तर करायचं होतं."

एवढंच तर करायचं होतं. तिला घरी आणल्या आणल्या त्याने करवत काढली आणि बाकड्याची फळी मधोमध कापली. दोन पाय आणखी जोडले. दोन आखूड बाकडी झाली, ती समोरासमोर मांडली, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर.

"कुठून सुरू करू?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

आणि तिने खरंच पहिल्यापासून सांगितलं. सात वर्षांचं सगळं. शेजारच्या बाईने नेलेली आणि परत न केलेली कढई, लेकीच्या सासूचा पहिला टोमणा, दोरीवरून उडालेला सदरा आणि तो शोधत केलेली अर्ध्या गल्लीची फेरी. नणंदेला नव्याने नावं ठेवली, ती जास्तच चवीने. शेंगा आता तीच सोलायची, कारण ताटात बघत त्याला ऐकता येत नसे. तो हात मांडीवर ठेवून नुसता तिच्या तोंडाकडे बघायचा. "लग्नात तरी एवढं बघितलं होतं का?" असं ती म्हणायची.

सांगता सांगता जुन्या मागण्या निघायच्या. स्वयंपाकघरात डब्यांसाठी मांडणी मागितली होती, तुम्ही बरं म्हणालात. खिडकीची कडी मागितली होती, बरं म्हणालात. मागच्या दारावर पत्र्याचं छप्पर चार वेळा मागितलं होतं. "पत्रेवाल्याच्या घरी दारावर पत्रा नाही, लोक हसतात हो." दुसऱ्या दिवशी तो ती ती वस्तू करायचा. मांडणी झाली, कडी झाली, छप्पर झालं. पाऊस आला की ती वर बोट दाखवून म्हणायची, "वाजतंय." तो मान हलवायचा, आणि ते मान हलवणं आता खरं असायचं.

रोज थोडं थोडं सांगून होत होतं. पण तिचा आवाज खोल गेला, असं लेक म्हणायची. त्याला ओठ लहान हलताना दिसायचे. मग संध्याकाळचा तास अर्ध्यावर आला. मग तिला बाहेर आणून बसवता येईना. त्या सात वर्षांतल्या पाचव्या वर्षापर्यंत ती आली होती, आणि तिथे थांबली.

ती गेल्यावर लोक येऊन बसायचे, बोलायचे, जायचे. दुकान त्याने उघडलं नाही. संध्याकाळ झाली की तो मागच्या दाराशी आपल्या बाकड्यावर बसायचा. समोरचं बाकडं रिकामं असायचं. पाचव्या वर्षानंतर काय झालं ते आता कळायचं नाही, हे त्याला सारखं टोचायचं. ती मेली हे दुःख होतंच. पण तिची दोन वर्षं आपण शेजारी बसून वाया घालवली आणि ती आता कुठूनही मिळणार नाहीत, हे दुःख वेगळं होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एका संध्याकाळी लेक आली. हातात शेंगांची पिशवी होती. आतून ताट आणून ती समोरच्या बाकड्यावर बसली, गुडघ्याला गुडघा लागला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याने आपल्याकडे पाहिलंय याची खात्री करून घेतली, आणि मग बोलली.

"आई दुपारी पडल्या पडल्या मला सांगायची. म्हणायची, मला वेळ पुरणार नाही, तू लक्षात ठेव. सहावं वर्ष, बाबा. तुम्ही माझ्या सासऱ्यांसाठी पेटी केली होती, आठवतंय? आणि आपली आत्या ती बघायला आली..."

सांगता सांगता ती थांबली. तिने तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागलेला होता, तोही थरथरत होता.

पत्रेवाला हसला नाही. त्याने पुढे वाकून तिचा हात हळूच बाजूला केला आणि आधी तिचा चेहरा नीट पाहिला.

ती हसत होती. मग तोही हसला.