मागचे पाय आधी

हे विश्वनिर्मात्या, पाण्यातल्या ठिपक्याएवढ्या जीवाला कोणता अवयव केव्हा द्यायचा हे ज्याला कधी कुणाला विचारावे लागले नाही, त्या तुझ्या चरणी आधी मस्तक. तुझ्या सृष्टिग्रंथात एकही पान जागा सोडत नाही. ज्याच्या हातून एक पान जागा सोडून बसले, त्या तुझ्या लेकराची ही कथा आहे. ती सांगताना वाणीत दया असू दे.

शाळेच्या मागच्या गल्लीत पुस्तके बांधणारे एक गृहस्थ राहतात. बोटे सदैव खळीने माखलेली, म्हणून सारी मुले त्यांना खळकाका म्हणतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, एक लोखंडी दाबयंत्र, टोचा, दोऱ्याची रिळे आणि भिंतीला टेकलेली फाटकी पुस्तके, दवाखान्यात रांगेत बसलेल्या रोग्यांसारखी. चाळीस वर्षांत काकांनी हजारो पुस्तके बरी केली, पण वाचले एकही नाही. बांधणाऱ्याने पानाचा आकडा पाहावा आणि पुढे सरकावे, वाचत बसले तर काम संपायचे कधी, असे ते हसत सांगत.

त्यांची नात, मुलाची मुलगी, दुसरीत. तिच्या वर्गात बाईंनी एक सुंदर परिपाठ घातला होता. गोष्टींच्या जोडीने माहितीची पुस्तकेही चिमुकल्यांच्या हाती द्यायची. मुंग्यांचे, ढगांचे, बेडकांचे. पान वाचायचे, मग ती वस्तू डोळ्यांनी पाहायची, मग वहीत काढायची. खिडकीशी काचेची टाकी होती आणि तिच्यात बेडकाची शेपटीवाली पिल्ले.

बेडकाचे पुस्तक मुलांनी इतक्या प्रेमाने हाताळले की त्याची पाने सुटली आणि ते काकांकडे आले. मागच्या खेपेस कडा सारख्या करताना काकांनीच खालची पट्टी अंमळ जास्त कापली होती. तिच्यासोबत पानांचे आकडेही गेले होते. आता क्रम लावायचा कशावरून? वाचले असते तर दोन मिनिटांचे काम. काकांनी नुसती चित्रे पाहिली. एका पानावर पुढच्या पायांचे मोठे चित्र, दुसऱ्यावर मागच्या पायांचे. रांगते बाळसुद्धा आधी हात टेकते, असा विचार करून त्यांनी सुई ओवली.

आठ दिवसांनी नात रडवेली होऊन घरी आली. तिने वहीत पिल्लाला आधी मागचे पाय काढले होते आणि वर्ग हसला होता. बाई रजेवर होत्या. त्यांच्याऐवजी आलेल्या शिक्षिकेने पुस्तकात आहे तेच खरे म्हणून विषय मिटवला. पोर आजोबांना पुन्हा पुन्हा सांगत राहिली की मी टाकीत पाहिलंय. आजोबांनी तिच्या हाती खोडरबर दिले.

"अगं बाळे, ते पुस्तक मी स्वतः बांधलंय. पुस्तक खोटं बोलतं होय?"

तिने इतके खोडले की कागदाला भोक पडले. त्या दिवसापासून ती टाकीजवळ जाईना. पुस्तकात जे असेल ते मुकाट उतरवून काढी.

पुढच्या आठवड्यात काका दुरुस्त पुस्तकांचा गठ्ठा घेऊन वर्गात गेले. मुले मैदानावर होती. सहज टाकीकडे नजर गेली. सात पिल्ले, सातांनाही मागचेच पाय. पुढचा एकालाही नाही. काकांनी बेडकाचे पुस्तक उचलले. कागद खाणाऱ्या कसरीने त्यात एक बारीक भोक पाडले होते. ते तिरके जाई, दर पानावर रेघभर सरकत. त्या दोन पानांवर मात्र त्याने आधी पुढे उडी घेतली होती, मग मागे. पानांची अदलाबदल झाल्याची ती खूण दुसऱ्या कुणाला दिसली नसती. चाळीस वर्षांच्या त्या डोळ्यांना दिसली.

सांगायला तोंड होते कुठे? पुस्तक पिशवीत घालून ते घरी आले, दार लोटून पाने योग्य जागी शिवली आणि दुसऱ्या सकाळी चोराने माल परत ठेवावा तसे ते फळीवर ठेवून दिले. वाटले, झाले, मिटले.

त्या संध्याकाळी नात शेजारी येऊन बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "आजोबा, माझंच चुकलं. पुस्तकात मागचेच पाय आधी आहेत. मी परत बघितलं. मला नीट वाचताच येत नाही वाटतं."

अहो, काय झाले असेल त्या म्हाताऱ्या जिवाचे! पोरीचे डोळे खरे होते, ते त्याने खोटे ठरवले. आता तिचे वाचनही खोटे ठरत होते, आणि त्याची जीभ उचलेना. रात्रभर उचलली नाही.

सकाळी काका रजेवरून परतलेल्या बाईंच्या परवानगीने मुलांपुढे उभे राहिले. हात जोडले. आकडे आपणच कापले, पाने आपणच उलटी लावली, नात खरे सांगत असताना आपणच तिला खोडायला लावले आणि वर चोरून दुरुस्तीही केली, हे सारे त्यांनी सांगितले. मग पहिल्या बाकावरच्या एका चिमुरडीने विचारले, "काका, बाकीच्या पुस्तकांत पण असंच केलंय?"

"माहीत नाही गं," काका म्हणाले. "मी ती वाचलेली नाहीत."

चाळीस वर्षांचा अभिमान त्या एका वाक्यात गळून पडला. बाईंनी काकांच्या हातची एकोणीस पुस्तके फळीवरून उतरवली आणि एकेकाला एकेक दिले. काकाही लहानशा खुर्चीत, गुडघे हनुवटीशी घेऊन, ओळीखाली बोट ठेवून अडखळत वाचू लागले. ढगांच्या पुस्तकात आणखी एक पान उलटे निघाले. ज्याला सापडले तो मोठ्या आनंदाने ओरडला. काकांनी मान आणखी खाली घातली.

घरी जाताना नातीने त्यांचा हात धरला नाही. कोपऱ्यावर आल्यावर मात्र थांबली आणि म्हणाली, "आता मी आधी टाकीत बघणार, मग पुस्तकात. मग तुम्हाला विचारणार."

"असंच कर," आजोबा म्हणाले. त्यांचा नंबर शेवटी लागला होता.

हे दयाघना, भरल्या वर्गात मान खाली घालणाऱ्या या तुझ्या लेकराला उरलेल्या आयुष्यात भरपूर वाचू दे. त्याच्या बोटांना बळ दे, त्याच्या मुला-सुनेच्या घरात गोडवा राहू दे, आणि त्याच्या नातीचे डोळे असेच निर्भय ठेव. त्या घराचे कल्याण असो.