नोव्हेंबरातली नावं

१९८६ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि शिकागोत पोलिश लोकांच्या एका शाळेत बॉयलर सांभाळत होतो. मुलगा इंजिनिअर. त्यानं शहराबाहेर नेपरव्हिलला नवं घर घेतलं होतं आणि माझं काम त्याला मुळीच पसंत नव्हतं. "बाबा, लोक काय म्हणतील? बापाला कामाला लावलं?" मी म्हटलं, लोकांना सांग, बाप ऐकत नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरपुढे माझा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. सुनेच्या गालिच्यावर पाय पुसून बसायला मी इकडे आलो नव्हतो. मी आणि बायको शहरातच राहिलो, शाळेच्या मागच्या गल्लीत, एका पोलिश म्हातारीच्या वरच्या मजल्यावर.

शाळा चर्चची होती. चर्च, शाळा आणि फादरचं घर, सगळं एकाच आवारात. फादर माझ्याहून थोडे थोरले. तरुण असताना पोलंडहून आले ते या आवारातून हललेच नाहीत. तीसेक वर्षं त्याच वर्गांतून धर्माचे धडे दिले, ज्यांना शिकवलं त्यांची लग्नं लावली, त्यांच्या पोरांच्या डोक्यावर पाणी घातलं आणि त्यांच्या आईबापांना माती दिली. मधल्या सुट्टीत एखाद्या पोराचा कान धरून म्हणायचे, "तुझा बापही याच बाकाखाली च्युइंगम चिकटवायचा. तुम्ही घराणंच चिकट." पोरं हसायची, कान सोडवून पळायची. मोठ्या बिशपच्या कचेरीतून त्यांना चांगल्या जागा देऊ केल्या होत्या म्हणतात. गेले नाहीत. हट्टी माणूस. म्हणून आमचं जमलं. दोघांचं इंग्रजी मोडकं. आमचं बोलणं मी इथं मराठीत लिहितोय इतकंच.

चर्चच्या तळघरात मोठं स्वयंपाकघर होतं. दर शुक्रवारी पोलिश बायका तिथं बटाटा आणि पनीरासारखं काहीतरी भरून करंज्या करायच्या आणि त्या विकून शाळेला पैसे द्यायच्या. त्या त्यांना पिएरोगी म्हणतात. मला डबा द्यायला आलेली माझी बायको एक दिवस दारात उभी राहून बघत होती. तिला काही राहवलं नाही. आत गेली, एक करंजी उचलली आणि कडेला मुरड घातली. बायकांनी हातातलं काम टाकलं. त्या दिवसापासून शुक्रवारी ती त्यांच्यातच. भाषा एकीची एक, दुसरीची दुसरी, आणि तासन् तास गप्पा. कशाबद्दल, देव जाणे. फादर ताट घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मला वेणीवाल्या द्या." म्हणजे हिच्या मुरडीच्या.

त्या सालच्या सप्टेंबरात ती गेली. दुपारी पडली, संध्याकाळी दवाखान्यात संपली.

दहाव्याला आम्ही शहराबाहेरच्या एका रानाजवळ गेलो. मुलाच्या ओळखीचा एक कॉम्प्युटरवाला मंत्र जाणत होता, त्यानं सगळं सांगितलं. पिंड ठेवला. कावळा होता, चांगला मोठा. दिव्याच्या खांबावर बसून खाली बघत होता. उतरेना. मुलगा म्हणाला, "आई, मी बाबांना सांभाळीन." उतरला नाही. सून म्हणाली, "आई, पोरीला मराठी शिकवीन." त्यानं पंख हलवले, पण तिथेच. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून काही निघेना. काय म्हणायचं तिला? चाळीस वर्षं आम्ही मनातलं असं काही बोललोच नव्हतो.

"बाबा, पार्किंग दोन तासांचंच आहे," मुलगा हळूच म्हणाला.

शेवटी त्या कॉम्प्युटरवाल्यानं गवताचा कावळा करून पिंडाला लावला. दर्भ नव्हता, हिरवळीतलंच गवत. आम्ही वळलो तोच एक खार आली आणि भात घेऊन पळाली. नात म्हणाली, "आजोबा, डझ द स्क्विरल काउंट?" तिच्या आईनं तिला गप्प केलं. मला मात्र त्याचं उत्तर पाहिजे होतं.

कारण ती गेली नव्हती. हे मी कुणाला पटवून द्यायला लिहीत नाही. बॉयलरपाशी बसलो की पाठीमागं तिच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा. रेडिएटरमध्ये वाफ शिरताना ठोके पडतात, ते मला कळतात, बेचाळीस सालापासून ऐकतोय. पण त्या ठोक्यांच्या मध्येच बांगड्या वाजायच्या. शाळेच्या तळघराचं दार मी लावून जायचो आणि ते अर्धं उघडं असायचं. मला भीती नाही वाटली. राग यायचा. बाईमाणसानं असं अडकून राहावं, परक्या मुलखात, पाइपांच्या जंजाळात. तिला गती मिळाली पाहिजे, दुसरं काही मला सुचत नव्हतं.

फादरना मी बोललो. दुसरा कोण होता? मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला असता.

ते हसले नाहीत. म्हणाले, "वर चला." वर्ग सुटले होते. एका वर्गात दारापाशी उभे राहून त्यांनी बाकांकडे हात केला. "तिसऱ्या रांगेत एक पोरगी बसते. तापानं गेली. त्या खिडकीपाशी एक मुलगा, लढाईत गेला तेव्हा मोठा झाला होता, पण इथं नऊ वर्षांचाच बसतो. मी शिकवताना त्यांच्यावरून नजर फिरवतो. नाही फिरवली तर त्यांना वाईट वाटेल." मग म्हणाले, "नोव्हेंबरात मी त्यांची नावं घेतो. मग काही दिवस शांत असतात."

त्यांच्यात अशी रीत आहे. नोव्हेंबरभर संध्याकाळच्या प्रार्थनेआधी मेलेल्यांची नावं मोठ्यानं घ्यायची. बाकीकडे लोक लिहून देतात. पण फादरची नजर अधू झाली होती, त्यामुळे इथं जो तो त्यांच्या कानाशी येऊन सांगायचा आणि ते घराण्याघराण्यानं पाठ करायचे. ते नावं घेतात, लोक मधूनमधून एका आवाजात म्हणतात, त्यांना विसावा दे.

"तिचं नाव सांगा," फादर म्हणाले. "मी घेतो."

"ती तुमच्या धर्मातली नाही."

"शुक्रवारची तर आहे."

"मुलगा फोन करून सांगेल."

"मुलाचं नको. ज्याला सोडून ती जात नाही त्यानं सांगायचं."

इथं माझं घोडं अडलं. मी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. एकदाही नाही. आमच्याकडे जुनी माणसं घेत नसत, पण लग्नात तरी घेतात. माझ्या मेव्हण्यांनी दार अडवलं होतं, नाव घ्या मग आत या. मी म्हटलं, नाही घेत जा, आणि बाहेर ओट्यावर बसून राहिलो. सासऱ्यानं येऊन दार सोडवलं. पुढं चाळीस वर्षं 'अगं' म्हटलं, 'ऐकलंस का' म्हटलं. तिला ते पुरायचं असं मी धरून चाललो. आता गोऱ्या माणसाच्या कानात ते नाव सांगायचं? "नाही जमणार," म्हणालो आणि खाली निघून आलो.

नोव्हेंबर चालू झाला. संध्याकाळी मी चर्चच्या मागच्या दारात, खांबाआड उभा राहायचो. फादर डोळे मिटून म्हणत जायचे, सगळी ती लांबलचक, घशात अडकणारी नावं, आणि अधूनमधून थांबायचे. तेव्हा वाटायचं, विसरले. बायका श्वास रोखून बसायच्या. मग नाव यायचं. त्यांचं हे शेवटचं वर्ष आहे, उन्हाळ्यात त्यांना म्हाताऱ्या पाद्र्यांच्या घरी पाठवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नंतरचा माणूस नवा येणार. त्याला ना ते बाक माहीत, ना ही करंज्यांवाली.

आणि खाली बांगड्या वाजतच होत्या.

महिन्यातल्या शेवटच्या दिवशी मी वेदीमागच्या खोलीत गेलो. फादर झगा चढवत होते. मी टोपी काढली.

"बॉयलर बिघडला का?" ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी झग्याची बाही अर्धी तशीच ठेवून कान पुढं केला. त्या कानात पांढरे केस होते. मी घसा साफ केला, भिंतीकडे बघितलं आणि सांगितलं. त्यांनी म्हणून दाखवलं. चुकलं. मी परत सांगितलं. परत चुकलं. "तुमचे दात कुठं आहेत?" मी चिडून म्हटलं. ते म्हणाले, "डबीत. थांबा." त्यांनी कवळी बसवली आणि मी पुन्हा सांगितलं. एका संध्याकाळी मी तिचं नाव सहा-सात वेळा घेतलं असेल. शेवटी त्यांनी अगदी बरोबर म्हटलं, तिची आई हाक मारायची तसं.

त्या रात्रीच्या नावांत तिचं आलं. मध्येच आलं, मागंपुढं काही नाही, आडनाव नाही. शुक्रवारच्या बायकांनी माना वळवून मला शोधलं. सगळ्यांनी मिळून म्हटलं, तिला विसावा दे. मी काही म्हटलं नाही. माझं म्हणून झालं होतं.

घरी आलो. दिवा लावला. आता एकदा सवय झाली होती, म्हणून मी खोलीत उभं राहून तिला नावानं हाक मारली. कुणी ओ दिली नाही. वासही नाही, काही नाही. मी सगळ्या खोल्यांतून फिरलो, दोनच होत्या. शाळेच्या तळघरात जाऊन आलो. पाइपांत नुसती वाफ. नाव घेऊन जा म्हटलं होतं, ती गेली. तिनं माझं ऐकलं याचाच त्या वेळी मला फार राग आला. टोपी डोक्यावर ठेवूनच मी खुर्चीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. ती असताना पहाटे बॉयलर वाढवायला तीच मला उठवायची, आणि गेल्यावरही त्या वेळेला खांद्याला कुणी हात लावल्यासारखे डोळे उघडायचे. त्या दिवशी कुणी उठवलं नाही. मी कोटाची बटणं न लावताच धावत शाळेत गेलो. पोरं अंगावर कोट घालून बाकांवर बसली होती आणि तोंडातून वाफा काढून एकमेकांना दाखवत होती. शाळा चालवणाऱ्या मोठ्या सिस्टर जिन्यात उभ्या होत्या. खूप बोलल्या. मी खाली गेलो, बॉयलर वाढवला आणि वाफेचा काटा वर चढेपर्यंत तिथंच उभा राहिलो.