कोरा फर्मा

मोताळ्याचा तुळशीराम कपाशीत बैलांमागं डवरा हाणता हाणता मधातच थांबला. त्याले रामराव बाइंडरची खोड आठवली होती. छपाईतून कोरं पान आलं की रामराव ते काढून घेई अन् नातीले त्याची वही शिवून देई.

तुळशीराम शेतीसंगं पुस्तकं काढे, अन् तीही दुसरं कोणी हातात धरनार नाही अशी. यंदा संग्रामपूरच्या जयमालाताईची एक लांबच लांब कविता होती. तिच्यात बाप मरते, अन् त्यानंतर सोळा पानांचा अख्खा फर्मा कोरा. "तेवढी पानं गेली, त मी त्या पुस्तकाले हात नाही लावनार," असं ताईनं बजावलं होतं. अन् छापलेले फर्मे बांधाले देताना रामरावले हेच सांगायचं राह्यलं होतं.

तुळशीरामनं बैल सोडले अन् गाडीले किक मारली. रामरावच्या दुकानात पुस्तकं शिवून, थप्प्या लावून तयार होती.

"रामरावभाऊ, कोरी पानं काढली काय हो?"

"काढतच होतो बे! बायकोनं हात धरला. म्हणे, बाप मेल्यावर कोण लगेच बोलन? राहू द्या तशीच."

तुळशीरामनं एक प्रत उघडून पानं मोजली. सोळाच्या सोळा होती. तो तिथंच कागदाच्या गठ्ठ्यावर बसला अन् तांब्याभर पाणी प्याला.

"वहिनीनं सारी कविता वाचली?"

"हाव. म्हणे, कोरी पानं मस्त हायेत. बाकीच्यात बाई जराशी जास्तच बोलली."

"भाऊ," तुळशीराम हासत म्हणाला, "हे ताईले सांगू नका."