कारखान्याचं नाक

"ऊठ, लादी फोड. तुझ्या हाताला सवय आहे."

बर्फ कारखानदारांच्या संघाच्या भरल्या सभेत अध्यक्ष भाऊसाहेब मला हे म्हणाले. कोकमाच्या सरबतात घालायला बर्फ हवा होता. शिपाई दारातच उभा होता, त्याला सांगता आलं असतं. मला सांगितलं.

त्या खोलीत बसलेले सगळे बर्फाच्या कारखान्यांचे मालक होते. मीही होतो. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला माझा लहानसा कारखाना नुकताच सुरू झाला होता. संघाने मला खुर्ची दिली होती. पण त्याआधी मी भाऊसाहेबांच्याच कारखान्यात आकड्याने लाद्या ओढल्या होत्या. पावसला त्यांच्या कलमांच्या बागा, बंदरावर त्यांचे कारखाने, आणि संघाचं अध्यक्षपद जणू त्यांच्या घरातलंच. आम्ही खारवी, मासे मारणारे. आमच्या घरातला मी पहिलाच, जो बर्फ विकायला बसला.

मी उठलो. लादीवर गोणपाट टाकलं आणि मोगरीने फोडली. तुकडे पातेल्यात टाकले. बोटं बधिर झाली.

"बघा, अजून विसरला नाही," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीसुद्धा हसलो. आज ते हसूच जास्त टोचतं.

असं का झालं, तर पाचच मिनिटं आधी मी तोंड उघडलं होतं.

बर्फाचा कारखाना अमोनियावर चालतो. आम्ही त्याला नुसता गॅस म्हणतो. पाइपातून फिरतो तोवर तो गरीब गाय. बाहेर आला की डोळे, घसा, फुप्फुसं, जे ओलं सापडेल ते जाळतो. आमच्या सगळ्यांच्या कारखान्यांत पाइप जुने होते आणि थोडा थोडा वास कायम असायचा. कामगार डोळे पुसत काम करायचे. नवा माणूस खोकायला लागला की जुने म्हणायचे, होईल सवय.

गुजरातेत वेरावळ बंदरावर मी एक यंत्र पाहून आलो होतो. भिंतीवर लावायची पेटी. गॅस सुटला की माणसाच्या आधी तिला कळतं. भोंगा वाजतो, व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, पंखा सुरू होतो. तिथले कामगार त्या पेटीला नाक म्हणत. मी एक विकत घेऊन आलो होतो. सभेत मी एवढंच म्हणालो, की संघाने मनावर घेतलं तर एका हंगामात सगळ्यांकडे नाक बसेल.

हे मी उगाच बोललो नव्हतो. बर्फ फोडायचं क्रशर आलं तेव्हा संघानेच ते आणलं होतं. भाऊसाहेबांनी कोल्हापूरहून मिस्त्री बोलावला, एका कारखान्यात बसवून दाखवलं, बाकीच्यांनी बघितलं, एकमेकांना शिकवलं. गणपतीपर्यंत बंदरावर हाताने बर्फ फोडणारा माणूस उरला नाही. एकेकट्याला जे जमलं नसतं ते संघामुळे झालं. तीच ताकद मी मागत होतो.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला.

"कारखान्याला नाक लावतोस? आधी स्वतःचं सांभाळ."

हशा झाला. मग ते हळू आवाजात बोलले, आणि ते खरं बोलले. "अरे, आपल्या पाइपांवर ते नाक लावलं तर दिवसभर वाजत बसेल. कामगार ऐकतील. बंद कसं करायचं मग?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. खोलीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यानंतर त्यांनी मला लादी फोडायला उठवलं.

सभा संपताना नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची आमच्या संघात रीत आहे. देवळात घालतात तसंच. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा. त्या दिवशी भाऊसाहेबांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा, आमची एकी अशीच ठेव."

"व्हय म्हाराजा."

"जो कोण एकटाच पुढे पळत असेल, त्याचे पाय जाग्यावर आण."

"व्हय म्हाराजा."

माझाही आवाज त्यात होता. आता एकटा पुढे गेलो तर काय होईल हे मला कळत होतं. गॅसच्या टाक्या संघामार्फत यायच्या. मिस्त्री संघाचा. कोणत्या ट्रॉलरने कोणाकडून बर्फ भरायचा ती पाळीही संघ लावायचा. मी घरी गेलो आणि नाकाची पेटी, होती तशी, ऑफिसातल्या कपाटावर ठेवून दिली. सुतळीसुद्धा सोडली नाही.

शांताराम माझा ऑपरेटर. भाऊसाहेबांकडे आम्ही दोघांनी जोडीने लाद्या ओढल्या होत्या. मी कारखाना घातला तेव्हा तो माझ्याकडे आला. मला चारचौघांत शेठ म्हणायचा आणि एकटे असलो की मेल्या.

पुढे एके दिवशी दुपारी त्याने मला आवारात बोलावलं. "वर बघ," म्हणाला. "कावळे नायत."

मासळी बंदर आहे. कावळे नाहीत असं कधी होत नाही. पत्र्यावर, तारांवर, कंडेन्सरच्या टाकीवर, सगळीकडे ते असतात. त्या दिवशी धक्क्यावर होते, पलीकडच्या पत्र्यावर होते. माझ्या छपरावर एकही नव्हता.

"मशिन बंद करूया काय?" त्याने विचारलं.

ट्रॉलर भरायला उभा होता. "एवढा भरू दे," मी म्हणालो.

थोड्याच वेळात आतून फुत्कार आला. जाड, लांब. मग तो वास. दोन कामगार टाकीपाशी अडकले होते. शांताराम तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून आत गेला आणि त्याने हाताने व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. कामगार खोकत, रांगत बाहेर आले. शांताराम भिंत चाचपत आला. डोळे उघडे होते. मी समोर उभा होतो आणि तो विचारत होता, "शेठ खंय हाय?"

जे काम त्या पेटीने केलं असतं ते त्याने केलं. पेटी माझ्या कपाटावर होती.

संघाची तातडीची सभा झाली. भाऊसाहेब म्हणाले, बाहेर एकच म्हणणं गेलं पाहिजे, नाहीतर सगळ्यांचे कारखाने तपासायला येतील. म्हणणंही त्यांनीच ठरवलं. ऑपरेटर पिऊन आला होता, व्हॉल्व्ह उघडा टाकला. पुन्हा नारळ, पुन्हा गाऱ्हाणं. मी खाली मान घालून हुंकार दिला. शांतारामने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पुढे त्याच्या मुलीची सोयरीक मोडली. मुलाकडचे म्हणाले, बाप दारुडा.

मी त्याच्या घरी पैसे पाठवत राहिलो. स्वतः गेलो नाही. भाऊसाहेब वारले, त्यांचा मुलगा अध्यक्ष झाला. माझे केस पांढरे झाले. संघात मला मान मिळू लागला. लादी फोडायला कोणी सांगेना.

गेल्या वर्षी एकदा धीर करून त्याच्या दारात उभा राहिलो. तो ओटीवर जाळं विणत होता. बोटांनीच. मी काही बोललो नव्हतो, नुसत्या चपला काढल्या.

"कोण? व्हय म्हाराजा आलं वाटतं."

आतून त्याची बायको म्हणाली, "अवो, असं काय बोलता?"

"मग काय म्हणू गो? बंदरावर ह्येचं नाव तेच हाय." तो हसला. "बस मेल्या. उभा ऱ्हायलास तर मला दिसनार हायस काय?"

मी बसलो. माफी मागायला सुरुवात केली तर त्याने सुई वर करून थांबवलं. "माझ्यापाशी बोलून काय फायदा? मला ठाऊकच हाय. ज्यांच्यासमोर व्हय म्हनालास त्यांच्यासमोर नाय म्हन."

इतकी वर्षं मला वाटत होतं, अपमान लादी फोडायला लावली तेव्हा झाला. नाही. तो दुसऱ्याने केला होता. त्या हुंकाराने मी स्वतःचा केला, आणि त्याची किंमत ह्या माणसाच्या डोळ्यांनी आणि नावाने दिली.

यंदा संघाची वार्षिक सभा होती. भाऊसाहेबांच्या मुलाने माझ्या कारखान्याला लागूनच मोठं शीतगृह बांधलं आहे. इमारत काचेची, नवी कोरी. आत पाइप जुन्या कारखान्यातले, रंग मारलेले. मी स्वतः आत जाऊन बघितले. तो शिकलेला आहे, गोड बोलतो. मला म्हणाला, "काका, ह्या वेळी गाऱ्हाणं तुम्ही घाला. मान तुमचा."

मी नारळ हातात घेतला. सगळे उभे राहिले.

"बा देवा महाराजा," मी म्हणालो, "शांताराम पिऊन आला नव्हता."

सवयीने दोघातिघांच्या तोंडून हुंकार निघाला आणि अर्ध्यावरच थांबला.

"पाइप कुजला होता. हे मला ठाऊक होतं. इथं बसलेल्या जुन्या सगळ्यांना ठाऊक होतं. आपण सगळे खोटं बोललो."

मी अध्यक्षाकडे वळलो.

"काचेच्या मागे आजही तसेच पाइप आहेत, महाराजा."

"काका, तुमची तब्येत बरी दिसत नाही," अध्यक्ष म्हणाला. त्याने माझ्या हातातला नारळ काढून घेतला. अगदी हळुवार. कोणीतरी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला नाही. पाळीतले ट्रॉलर माझ्या दारावरून पुढे गेले. गॅसची टाकी शिल्लक नाही असा निरोप आला. सगळं जसं होणार हे मला ठाऊक होतं तसंच झालं.

मी वेरावळहून माणूस बोलावला. ती जुनी पेटी केव्हाच निकामी झाली होती. नवं नाक बसवलं. बसवताच ते वाजायला लागलं. मी मशिन बंद केलं, गॅस उतरवून घेतला आणि जेवढे पाइप सडले होते तेवढे काढून अंगणात टाकले. कारखाना थंड पडला आहे. टाकीत नुसतं मिठाचं पाणी.

काल सकाळी मी आवारात खुर्ची टाकून बसलो होतो. माझ्या छपरावर कावळे होते. पलीकडच्या काचेच्या इमारतीवर एकही नव्हता.

मग नाक वाजलं.

माझ्या पाइपांत गॅसचा थेंब नाही. वारा पलीकडून येत होता.

मी फाटकाशी गेलो आणि त्यांच्या कामगारांना ओरडून बाहेर बोलावलं. काही आले. सुपरवायझरने बाकीच्यांना आत ढकललं. थोड्या वेळाने अध्यक्षांचा फोन आला.

"काका, तो भोंगा बंद करा. लोक घाबरतायत."

"वास तुमचा आहे."

"आमचं आम्ही बघतो. तुम्ही बंद करा."

दुपारी वारा फिरला आणि भोंगा आपोआप थांबला. त्यांनी काहीही दुरुस्त केलेलं नाही. मशिन चालू आहे, आत माणसं आहेत.

मी भोंग्याचं तोंड रस्त्याकडे वळवलं आहे. वीज तोडली तर चालावा म्हणून खाली बॅटरी ठेवली आहे. पेटीशेजारी माझी खुर्ची आहे. ज्याला तो बंद करायचा असेल त्याला आधी मला उठवावं लागेल. आणि आता कोणी ऊठ म्हटलं, तर मी उठणार नाही.